त्याच्या लाकडाचं मँटल

नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते आणि सासूबाई टेबलापाशी बसून लसूण सोलत होत्या. फोन स्पीकरवर होता, कारण रविवारी तो आईशीही बोलायचा. त्याला कॅनडातच, पण पार लांब रेजिना शहरात सरकारी खात्यात नोकरी लागली होती आणि तो पुढे गेला होता. हॅलिफॅक्सचं घर विकून आम्ही दोघींनी मागून जायचं, असं ठरलं होतं. त्या रविवारी त्यानं सांगितलं की तसं आता होणार नाही. तिथे कुणीतरी आहे, त्याच्याच ऑफिसातली. बरेच दिवस झाले. आम्ही हॅलिफॅक्सलाच राहावं, पुढचं वकील बघतील.

मी सुरी खाली ठेवली. सासूबाईंच्या बोटांत पाकळी तशीच अडकून राहिली. त्याला वाटलं असावं की विषय संपला. तो म्हणाला, "आणि एक. बेसमेंटमधल्या लाकडाला हात लावू नकोस. जूनमध्ये ट्रक घेऊन येतो आणि नेतो."

एवढ्या वर्षांच्या संसारातलं त्याला तेवढंच हवं होतं. मुलगा शिकायला वॉटर्लूला होता, त्याला कोण सांगणार, हेही त्यानं विचारलं नाही. मला खरं तर रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी सुरी उचलली आणि उरलेली भेंडी चिरून टाकली.

ते लाकूड म्हणजे काळ्या अक्रोडाच्या जाड, लांब फळ्या. पूर्वी आम्ही सगळेच वॉटर्लूला राहायचो तेव्हा त्यानं त्या एका शेतकऱ्याकडून आणल्या होत्या. वादळात पडलेल्या जुन्या झाडाच्या. लाकूडकाम हा त्याचा छंद होता, म्हणजे हत्यारं विकत घेणं आणि व्हिडिओ बघणं. पुढे हॅलिफॅक्सला यायचं ठरलं तेव्हा ट्रकमध्ये जागा पुरेना. फळ्या तर येणारच होत्या. मग माझं शिलाई मशीन राहिलं. मी वरच्या मजल्यावर बाथरूम घासत होते आणि खाली त्यानं ते शेजारच्या बिल्डिंगमधल्या कुणाला तरी देऊन टाकलं. मुलाची सगळी झबली मी त्यावर शिवली होती. "तुला नवीन घेऊ," तो म्हणाला. ते नवीन काही आलं नाही.

हॅलिफॅक्सचं घर जुनं होतं आणि दिवाणखान्यात खरी, लाकडं जाळायची विटांची फायरप्लेस होती. तिच्याभोवती पांढरा रंग दिलेली पाइनची चौकट आणि वर फळी होती. इथे त्याला मँटल म्हणतात. रंगाचे टवके उडाले होते, पण मला ते आवडायचं. पहिल्याच हिवाळ्यात नवऱ्यानं पहारीनं ते उचकटून काढलं. म्हणाला, अक्रोडाचं करतो, लोक बघत राहतील. मागे उरल्या उघड्या विटा, फुटलेलं प्लास्टर आणि भोकं. मग वर्षांमागून वर्षं तशीच गेली. घरी कुणी आलं की आधी त्या भिंतीकडे बघायचं आणि नवरा त्यांना बेसमेंटमध्ये नेऊन फळ्यांवरची चादर उचलून दाखवायचा. देवघरातला पडदा बाजूला करावा तसा.

एकदा इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या लोकांसमोर मी म्हटलं, "मी मदत करते, करून टाकू या आता." तो हसून म्हणाला, "हिच्या हातात खिळा दिला तर घर पडेल." सगळे हसले. तेव्हापासून ते वाक्य आमच्या घरातलं कायमचं झालं. बल्ब बदलायला घेतला तरी कुणीतरी म्हणायचं, सांभाळा, घर पडेल.

माझं काम हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा आणि त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे. पातं कुठल्या कोनात धरलं तर काप फाटतो, कुठल्या कोनात धरलं तर अख्खा तरंगत येतो, हे माझ्या हाताला कळतं. डॉक्टर त्या कापावरून कॅन्सर आहे की नाही ते सांगतात. आणि घरी माझ्या हातात खिळा द्यायचा नाही.

त्या रविवारी फोन बंद झाल्यावर सासूबाईंनी उरलेला लसूण सोलला, हात धुतले आणि आपल्या खोलीत गेल्या. सासरे वारल्यापासून त्या आमच्याकडेच होत्या. साताऱ्याकडे प्राथमिक शाळेत उभा जन्म शिकवलेली बाई. मुलगा त्यांचा एकुलता एक. मला वाटलं, आता त्या बॅग भरतील. चहाच्या वेळी त्या बाहेर आल्या. डोळे लाल होते, पण पदर नीट खोचलेला होता.

"त्या फळ्यांचं तो काय करणार होता?" त्यांनी विचारलं.

"मँटल, आई. निदान म्हणायचा तरी."

"मग आपण करू."

"आपण?"

"तुला येतं का?"

"नाही."

"मला तरी कुठे येतंय. शिकता येईल." त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं. "त्यानं येऊन बघितलं पाहिजे. मला त्याचं तोंड बघायचंय तेव्हा."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत आमच्यात भाजीत गूळ घालायचा की नाही यापलीकडे कधी एकमत झालं नव्हतं. त्या दिवशी झालं.

तरी माझ्यात थोडी सभ्यता शिल्लक होती. मी ठरवलं की लागतील तेवढ्याच फळ्या घ्यायच्या, बाकीच्या त्याच्या त्याला. आणि सगळ्यात खालची तर नाहीच. ती फळी खोडाला जिथे फांदी फुटते तिथली होती, तिच्या रेषा ज्वाळेसारख्या वर उसळलेल्या होत्या. ती त्याची सगळ्यात लाडकी होती. तिला हात लावायचा नाही, असं मी स्वतःला बजावलं.

हत्यारं सगळी बेसमेंटमध्येच होती. बरीचशी खोक्यातून काढलेलीसुद्धा नव्हती. मी दुकानातून साधं पाइन आणलं आणि त्यावर शिकायला लागले. पहिले काप वाकडे गेले. काटकोनाचा गुण्या लावून रेघ मारायची, करवत रेघेवर नाही तर रेघेच्या बाहेरच्या बाजूला धरायची, हे समजायला वेळ लागला. रंधा मात्र लगेच जमला. पातं इतकंसं बाहेर काढायचं की लाकडाचा पापुद्रा उजेड आरपार दिसेल इतका पातळ निघावा. ते तर मी रोज पगार घेऊन करत होते.

मुलाला मी फोनवर सगळं सांगितलं, बापाचंही आणि लाकडाचंही. बापाचं ऐकून त्यानं फक्त आजी कशी आहे ते विचारलं. लाकडाचं ऐकून म्हणाला, "मॉम, दॅट इज कोल्ड." मग थोड्या वेळानं, "सेंड मी पिक्चर्स."

अक्रोडावर पहिला काप घेतला त्या दिवशी बर्फ इतकं पडलं होतं की बसेस बंद होत्या आणि मला लॅबमध्ये जाता आलं नव्हतं. सकाळी ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्यानं काढून झाल्यावर मी खाली गेले. सासूबाई कानटोपी घालून, शाल गुंडाळून खुर्चीवर बसल्या होत्या. मी विजेवरची करवत सुरू केली आणि पातं फळीत शिरलं. इतकी वर्षं ज्याला त्यानं कुणाला बोटही लावू दिलं नाही ते लाकूड माझ्या हाताखाली दोन भाग होऊन खाली पडलं. मला खरंच सांगायचं तर इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. लाकडाचा कडवट, गोडसर वास सगळीकडे पसरला. मी करवत बंद केली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अजून एक काप."

त्यानंतर मी रोज कामावरून आल्यावर आम्ही थोडं थोडं करत गेलो. फायरप्लेसच्या दोन्ही बाजूंना दोन खांब आणि वर एक जाड तुळई, असा बेत होता. तुळई दिसायला भरीव, पण आतून पोकळ खोकं. विटांमध्ये बोल्टनं घट्ट बसवलेल्या लाकडी पट्टीवर ते खोकं सरकवून बसवायचं. आगीच्या तोंडापासून लाकूड किती लांब हवं याचे नियम असतात, ते मी आधी शोधून काढले. सूड घ्यायचा होता, घर जाळायचं नव्हतं.

सँडपेपरनं घासायचं काम सासूबाईंनी घेतलं. मशीन होतं, पण त्याचा आवाज त्यांना सहन व्हायचा नाही. त्या हातानंच घासायच्या, आधी खरखरीत कागदानं, मग बारीक. घासताना तोंड चालू असायचं. लहानपणी त्यानं चोरलेले लाडू, वडिलांना उलटून बोललेला, लग्नात रुसून बसलेला, सगळं निघायचं. "याच्यासाठी मी साय बाजूला काढायची," त्या म्हणायच्या, "आणि बहिणीच्या मुलीला पातळ दूध द्यायची. ती पोरगी आजही मला दर शनिवारी फोन करते." आणि अजून जोरात घासायच्या. कधीकधी बोलता बोलता थांबायच्या आणि लाकडावरची धूळ फुंकून नुसत्या बघत बसायच्या. मी अशा वेळी पुढचा कागद त्यांच्या हाताशी ठेवायचे.

मार्चमध्ये त्याचा परत फोन आला. या वेळी आवाज मोकळा होता.

"लाकडाचे फोटो पाठव जरा," तो म्हणाला. "विशेषतः ती खालची फळी. आम्ही डायनिंग टेबल करायचं म्हणतोय. तिला नीट कल्पना यावी म्हणून."

आम्ही. तिला. मी बेसमेंटच्या पायरीवर उभी होते, केसांत भुसा होता.

"तू करणार?" मी विचारलं.

"अर्थात. वीकेंडला वेळ असतो आता मला."

"बघते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग खाली गेले, वरच्या फळ्या बाजूला केल्या आणि ती ज्वाळेची फळी ओढून काढली. सासूबाईंनी विचारलं, "ही नको म्हणाली होतीस ना?" मी त्यांना फोनवरचं बोलणं सांगितलं. त्यांनी उठून फळीचं दुसरं टोक धरलं.

तुळईचा दर्शनी भाग मी त्या फळीचा केला. टेबल होईल एवढा तुकडा मागे राहू नये, म्हणून मोजून मध्यभागी काप घेतला. उरलेल्यातून खांबांचे माथे काढले. बाकीच्या फळ्यांचीही गरज नव्हती, तरी त्यांच्या मी पुस्तकांच्या फळ्या केल्या, एक स्टूल केलं, सासूबाईंना पाट केला. एकही सलग फळी शिल्लक ठेवली नाही. फोटो मी पाठवले नाहीत आणि त्यानंही पुन्हा मागितले नाहीत. त्याचं असंच असायचं.

भिंतीवर बसवायला आम्हाला अख्खा शनिवार लागला. विटांत ड्रिलनं भोकं पाडली, आत गेल्यावर फुगून घट्ट बसणारे बोल्ट घातले आणि पट्टी आवळली. मी तिला लोंबकळून बघितलं. मग सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही पण." त्यांनी दोन्ही हातांनी पट्टी धरून पाय उचलले आणि खुदकन हसल्या. तुळई सरकवताना मात्र डाव्या कोपऱ्यात जोड नीट मिळाला नाही. नखाएवढी फट राहिली. मी भुसा आणि ग्लू कालवून ती भरली, तरी नीट पाहणाऱ्याला दिसायचीच.

शेवटी तेल लावलं. फडका फिरवला तसं फिकट, धुळकट लाकूड एकदम गडद झालं आणि त्या रेषा बाहेर आल्या. सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "चांगलं झालंय गं. त्याच्यासाठी नको होतं एवढं चांगलं व्हायला."

"त्याच्यासाठी नाहीच आहे," मी म्हटलं. पण ते खरं नव्हतं. प्रत्येक काप मी त्याचा चेहरा समोर ठेवून घेतला होता.

जूनमध्ये तो आला. विमानानं येऊन इथे भाड्यानं ट्रक घेतला होता, मोठा, आणि तो चालवत रेजिनापर्यंत नेणार होता. दार सासूबाईंनी उघडलं. तो त्यांच्या पाया पडला, मला "हाय" म्हणाला आणि बूट न काढता सरळ बेसमेंटमध्ये गेला. दिवाणखाना डावीकडे होता, त्यानं तिकडे पाहिलंही नाही.

आम्ही दोघी जिन्याच्या वर उभ्या राहिलो. खालून दिव्याच्या बटणाचा आवाज आला. मग पावलं. मग काहीच नाही. मग चादर झटकल्याचा आवाज, जणू लाकूड तिच्या घडीत लपलं असेल.

"कुठाय?" तो खालून ओरडला.

"वर आहे," मी म्हटलं. "दिवाणखान्यात."

तो आला आणि दारातच थांबला. मी या क्षणाची महिनोन्महिने वाट पाहिली होती, त्यामुळे मी त्याच्याकडे अगदी नीट बघितलं. आधी त्याला कळलंच नाही. मग ओळखीच्या रेषा दिसल्या आणि त्याचं तोंड उघडं राहिलं.

"कुणी केलं हे? कोणाकडून करून घेतलंस?"

"मी केलं."

"खोटं बोलू नकोस."

"मी घासलंय," सासूबाई म्हणाल्या. "हे बघ." आणि त्यांनी आपली बोटं त्याच्यासमोर धरली. बोटांच्या कडा अजून खरखरीत होत्या.

तो जवळ गेला. हात फिरवला. वाकून खालून बघितलं. कोपऱ्यापाशी थांबला आणि मला माहीत होतं की तो थांबणार. "इथे फट आहे," तो म्हणाला.

"आहे," मी म्हटलं.

"हे माझं होतं. मी करणार होतो हे."

"कधी?"

तो आईकडे वळला. "आई, तू हिला थांबवलं नाहीस?"

"मीच सांगितलं करायला."

मग त्यानं जे केलं ते मला वाटलंही नव्हतं. त्यानं तुळई दोन्ही हातांनी धरली, पाय विटांना लावला आणि ओढायला लागला. मान लाल झाली, गळ्याच्या शिरा फुगल्या. तुळई हलली नाही. त्यानं पकड बदलून पुन्हा ओढली. एवढा मोठा माणूस, आईसमोर, बूट घालून भिंतीला लोंबकळत होता. तुळई किंचित करकरलीसुद्धा नाही.

"पडेल ना घर," मी म्हटलं. "सांभाळ."

तो थांबला. त्याला वाक्य आठवलं की नाही कोण जाणे. हात झाडत उभा राहिला, धापा टाकत. मी कोपऱ्यातलं खोकं पायानं त्याच्याकडे सरकवलं. आत सगळे कातरलेले तुकडे होते, एकही विटेहून मोठा नाही, आणि वर पिशवीत बांधलेला भुसा.

"तुझं आहे," मी म्हटलं. "बाकी काही ठेवलं नाही मी."

त्यानं ते न्यायला नको होतं. मी त्याच्या जागी असते तर नेलं नसतं. पण त्यानं ते उचललं, जड नव्हतं तरी दोन्ही हातांनी, आणि बाहेर गेला. खिडकीतून आम्हाला दिसलं, त्या अवाढव्य रिकाम्या ट्रकच्या मागच्या बाजूला त्यानं ते खोकं ठेवलं आणि शटर ओढलं. वळणावर आत काहीतरी घसरल्याचा आवाज इथपर्यंत आला.

त्या दुपारी मी भरपूर जेवले. वरणभात, तूप, लोणचं, परत वाढून घेतलं. सासूबाई जेवल्या नाहीत. संध्याकाळी त्यांच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला. मी दाराशी जाऊन उभी राहिले, पण आत गेले नाही. सकाळी त्या नेहमीसारख्या चहाला बसल्या आणि म्हणाल्या, "मी रडले म्हणून पलटले असं समजू नकोस. तो माझा मुलगा आहे आणि त्याचं चुकलंय. दोन्ही आहे."

पुढे त्याच्या वकिलानं लाकडाचा विषय काढला. माझ्या वकिलीणबाईंनी शांतपणे सांगितलं की ते घराला पक्कं बसवलेलं आहे, आणि बदल्यात हत्यारं त्यांच्या अशिलानं न्यावीत. हत्यारं गेली. घर माझ्याकडे राहिलं. मला लोक आडून विचारतात की आता राग गेला का. अशा वेळी काय अपेक्षित असतं ते मला कळतं. पण राग गेलेला नाही. तो धरून मी कामाला जाते, ग्रोसरी आणते, नीट झोपते. त्याचं मान ताठून दोन्ही हातांनी तुळई ओढणं आठवलं की मला अजून बरं वाटतं आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही.

ऑक्टोबरात आम्ही पहिल्यांदा आग पेटवली. चिमणीची झडप उघडायची राहिली होती. सगळा धूर उलटा घरात आला, अलार्म किंचाळायला लागला, आणि आम्ही दोघी शाली घेऊन बाहेर पायऱ्यांवर येऊन बसलो, दारंखिडक्या सताड उघड्या टाकून. सासूबाईंना खोकला आणि हसू एकदम आलं होतं. समोरच्या घरातल्या बाईनं हात करून सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. सासूबाईंनी तिला मराठीतच मोठ्यानं सांगितलं, "काही नाही, काही नाही, शिकतोय आम्ही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्या चिमणीवाल्याला फोन कर." थोड्या वेळानं धूर निवळला, तशा आम्ही आत गेलो.